मेणबत्ती, अंगठ्याचा ठसा आणि काळाची चूक

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये घडणाऱ्या गुप्तहेरपटांत दोन प्रकारच्या चुका आढळतात. एक कंटिन्युइटीची, म्हणजे लागोपाठच्या दृश्यांत वस्तूंचे सातत्य तुटण्याची, दुसरी इतिहासाची, आणि दोहोंची मुळे वेगवेगळी आहेत.

पहिलीचे मूळ चित्रीकरणाच्या पद्धतीत आहे. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एका जागेवरची सारी दृश्ये एकदम उरकली जातात आणि संकलनात ती पुन्हा क्रमाने लावली जातात. म्हणूनच मूकपटांच्या काळापासून सेटवर नोंदी ठेवणारी स्वतंत्र व्यक्ती असू लागली आणि १९४८मध्ये पोलरॉइड कॅमेरा विक्रीस आल्यानंतर वहीतील नोंदीला छायाचित्राची जोड मिळाली. विजेच्या दिव्याची लांबी बदलत नाही, पण मेणबत्ती प्रत्येक टेकगणिक झिजते, शेकोटीतला निखारा विझतो, सिगार आखूड होतो. त्यामुळे जुन्या काळातील खोली उभी करणाऱ्यांचे हे काम अधिक कठीण असते. त्यातच गुप्तहेरपटाचा प्रेक्षक राखेकडे आणि घड्याळाच्या काट्यांकडे पुरावा म्हणून पाहत असतो. मधेच वाढलेली मेणबत्ती त्याला खुणेसारखी वाटली, तर तो दोष त्याचा नव्हे.

दुसऱ्या प्रकारातील काही चुका चित्रांच्या स्मृतीतून आल्या आहेत. शेरलॉक होम्सच्या डोक्यावर कानपट्ट्यांची शिकारी टोपी चढवली ती सिडनी पॅजेट या चित्रकाराने, १८९१मध्ये, आणि तीही होम्स गावाकडे निघाला असताना. शहरात त्या काळचा सभ्य गृहस्थ अशी टोपी घालून हिंडत नसे. टॉवर ब्रिजचे बांधकाम १८८६मध्ये सुरू झाले आणि पूल खुला झाला तो ३० जून १८९४ रोजी, तरीही लंडन ओळखू यावे म्हणून त्याआधीच्या कथांतही पुरा झालेला पूल दाखवण्याचा मोह होतो.

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक तपासपद्धतीची असते, कारण तिच्यावर कथेचा उलगडाच उभा असतो. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे हेन्री फॉल्ड्स यांनी १८८०मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात सुचवले होते, परंतु हजारो ठशांतून नेमका ठसा शोधण्याची सोय तेव्हा नव्हती. ती वर्गीकरणपद्धत बंगाल पोलिसांत, एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांतून घडली. १८९७मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झाले. स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, तसे कार्यालय १९०१मध्ये आले. ब्रिटनमध्ये खुनाच्या खटल्यात ठशावरून पहिली शिक्षा झाली ती १९०५मध्ये, पैशांच्या पेटीवर उमटलेल्या अंगठ्यामुळे. रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे खात्रीने सांगणारी चाचणीही १९०१चीच.

म्हणून १८८८मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या, ‘जॅक द रिपर’च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हत्यांवरील कथेत पोलीस ठसे जुळवताना दिसले, की त्या तपासाची खरी कोंडी पडद्यावरून नाहीशी होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे गोल्स्टन स्ट्रीटवर, त्या रात्री खून झालेल्या एका स्त्रीच्या रक्ताळलेल्या ॲप्रनचा तुकडा सापडला त्या जागी, भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर आढळला होता. ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल या भीतीने पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी तो पुसायला लावला, आणि त्याआधी त्याचे छायाचित्रही घेतले गेले नाही.