जायरोस्कोप आला कुठून?

जायरोस्कोप म्हटलं की आता विमान नाहीतर मोबाईल आठवतो, पण हे यंत्र मुळात बनलं ते पृथ्वी फिरते हे बंद खोलीत बसून दाखवायला, आणि माझ्या मते त्याच्या इतिहासातला तोच भाग सगळ्यात भारी आहे.

१८५१ ला लिओन फूको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीत ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून लंबकाचा प्रयोग केला, पृथ्वी फिरते म्हणून लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते, लोक बघायला लोटले, पण त्यात एक गोम होती. लंबक किती वेगाने दिशा बदलतो ते अक्षांशावर ठरतं, पॅरिसला एका फेरीला २४ नाही तर जवळपास ३२ तास लागतात, मग हा हिशोब प्रत्येकाला समजावत बसा. फूकोला थेट पुरावा पाहिजे होता. म्हणून १८५२ ला त्याने धातूचं जड चाक रिंगांमध्ये असं बसवलं की त्याचा अक्ष कुठेही वळायला मोकळा राहील. असं चाक वेगाने फिरत असलं की त्याचा अक्ष आपली दिशा सोडत नाही, म्हणून खालची पृथ्वी फिरली की तो हळूहळू वळल्यासारखा दिसतो. तशी अशी रचना जर्मनीत बोनेनबर्गरने १८१७ च्या आधीच केलेली, पण ती शिकवण्यासाठी होती, तिला मोजायच्या कामाला लावलं ते फूकोने, आणि जायरोस्कोप हे नावही त्यानेच दिलं.

आता काम बघा कसलं नाजूक. दात्यांच्या यंत्राने हाताने हँडल मारून चाकाला वेग द्यायचा, मग ते अलगद उचलून रिंगेत ठेवायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. पृथ्वी फिरते मिनिटाला पाव अंश, आणि घर्षणामुळे चाक टिकणार जेमतेम ८-१० मिनिटं, म्हणजे सगळा खेळ दोन-अडीच अंशांचा! तेवढ्यात त्याने ते दाखवलं, खरंच कमाल आहे.

पुढे इलेक्ट्रिक मोटर आली आणि चाक थांबायचा प्रश्न मिटला. अँशुट्झ-केम्फ या जर्मन संशोधकाला पाणबुडीतून बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठायचा होता, तिथे चुंबकी होकायंत्र कामाचं नाही, त्यातून जायरोकंपास, म्हणजे चुंबकाऐवजी जायरोस्कोपने उत्तर दाखवणारं होकायंत्र, जन्मला. अमेरिकेत स्पेरी या संशोधकानेही तेच केलं, पेटंटवरून भांडण जर्मन कोर्टात गेलं, आणि तिथे तज्ज्ञ म्हणून आले साक्षात आइन्स्टाइन.

१९६३ ला लेझरवाला जायरो आला, त्यात फिरणारं चाकच नाही, एकाच वाटेवर उलटसुलट धावणाऱ्या प्रकाशातला फरक मोजायचा. मोबाईलमधला तर सिलिकॉनचा कंप पावणारा बारीकसा तुकडा असतो.

पण फिरणाऱ्या जायरोची खरी परीक्षा अंतराळात झाली. २००४ ला ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहात क्वार्ट्झचे ३८ मिलिमीटरचे चार गोळे द्रव हेलियमच्या थंडाव्यात फिरवले, कारण आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे पृथ्वी स्वतःभोवती फिरताना अवकाशालाही किंचित ओढते, आणि त्याने गोळ्यांचा अक्ष जरासा वळतो का हे तपासायचं होतं. अपेक्षित फरक वर्षाला एका अंशाचा सुमारे ९२ हजारावा भाग! गोळ्यांवरच्या विद्युतभाराच्या डागांनी मोजमाप बिघडवलं, ते निस्तरण्यात वर्षं गेली. २०११ ला निकाल आला तो आइन्स्टाइनशी जुळणारा, फक्त या ओढीच्या आकड्यात १९ टक्क्यांची अनिश्चितता उरली.