घोड्याचे पाय मोजून स्वाराचा मृत्यू कळत नाही

घोडेस्वाराच्या पुतळ्यात घोड्याचे दोन पाय वर म्हणजे स्वार रणात पडला, एक वर म्हणजे जखमी झाला, चारही जमिनीवर म्हणजे नैसर्गिक मृत्यू, हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. असा सर्वमान्य संकेत शिल्पकारांमध्ये नाही.

या समजाला बळ मिळालं ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर. तिथे १ जुलै १८६३ला मारल्या गेलेल्या जनरल रेनॉल्ड्सच्या पुतळ्यात घोड्याचे दोन पाय वर आहेत, जखमी झालेल्या जनरल हॅनकॉकच्या घोड्याचा एक. पण त्याच मैदानात १९९८ साली जनरल लाँगस्ट्रीटचा ब्राँझचा पुतळा बसला, चौथऱ्याशिवाय थेट जमिनीवर. घोड्याचा एक पाय स्पष्ट उचललेला. लाँगस्ट्रीटला गेटिसबर्गला जखम झाली नव्हती. तो वारला १९०४मध्ये. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या पुतळ्यातला घोडा तर पुढचे दोन्ही पाय उधळून उभा आहे, आणि जॅक्सन १८४५ साली घरीच आजारपणात गेला.

खरा प्रश्न वजनाचा असतो. पुढचे पाय उचलले की सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो. म्हणून शिल्पकार क्लार्क मिल्सने जॅक्सनच्या पुतळ्याचा मागचा भाग जड ओतला. माद्रिदमधल्या स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या पुतळ्यात शेपटीचाही आधार घेतलाय. मृत्यूचं कारण हवं असेल तर चरित्र उघडा.