काळ्याच्या पोटातला काळा

कृष्णधवल प्रिंट हातात आली की मी आधी चेहऱ्याकडे बघत नाही, केसांकडे बघतो. काळ्याभोर केसांत बट बटीपासून सुटी दिसते, की डोक्यावर डांबर ओतल्यासारखा नुसता डाग आहे? प्रिंटचा कस बहुतेक वेळा तिथेच लागतो.

अडचण कागदाची आहे. साध्या चांगल्या स्क्रीनवर पांढरा रंग काळ्याच्या सुमारे १००० पट उजळ असतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्याचा पांढरा भाग पडलेल्या प्रकाशापैकी फार तर ९० टक्के परत पाठवतो. मॅट कागदावरचा गडद काळाही साधारण अडीच टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे फरक उरला जेमतेम ३६ पट. चकचकीत किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) कागदावर काळा अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतो आणि फरक १८० पटींवर जातो. मॅटचा खरबरीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे उधळतो, त्यातला थोडा डोळ्यात येतो आणि काळ्यावर धुरकट पडदा धरतो. गुळगुळीत कागद तोच प्रकाश एका दिशेला परतवतो. प्रिंट जराशी कलती धरली की तो डोळा चुकवून जातो.

तरीही नुसत्या गडद काळ्याच्या मागे लागणं मला पटत नाही. धुक्यातलं झाड मॅटवरच शोभतं. खरी कसोटी आहे ती हाती असलेल्या तुटपुंज्या जागेत छटांची वाटणी कशी केली याची. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ११ टप्पे पाडले, ते याच वाटणीसाठी. डिजिटलमध्ये ८ बिटच्या फाइलीत करड्याच्या २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. अंधारा भाग उजळायला गेलं की ८ बिटमधल्या पायऱ्या ताणल्या जातात आणि मऊ सावलीत पट्टे उमटतात.

रंगीत फोटो कृष्णधवल करताना वेगळीच फसगत होते. डोळ्याला उजेड सर्वाधिक जाणवतो तो हिरव्यातून, म्हणून एका प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन असतं, लालला २१, निळ्याला ७. अशा हिशेबात लालभडक फूल आणि गर्द हिरवं पान एकाच करड्यात येऊ शकतात. मग फूल पानात विरून जातं. ते परत आणायचं तर प्रत्येक रंगाचं वजन हातानेच ठरवावं लागतं.

शाईचंही तसंच. एकट्या काळ्या शाईने फिकट भाग छापले तर विरळ ठिपके डोळ्याला टोचतात. म्हणून चांगल्या प्रिंटरमध्ये काळ्यासोबत दोनतीन करड्या शाया असतात.

मोठी प्रिंट काढण्याआधी ०, ४, ८, १२ अशा चढत्या मूल्यांच्या (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पांढरा) चौकोनांची एक पट्टी त्याच कागदावर छापा आणि शाई पूर्ण वाळू द्या. सुरुवातीचे काही चौकोन एकच दिसतील. पहिला वेगळा चौकोन जिथे सुरू होतो, त्याच्या मूल्यापेक्षा वर केसांच्या छटा आणून ठेवायच्या. मग प्रिंट जिथे लागणार त्या भिंतीशी नेऊन बघा. टेबलावरच्या दिव्याखाली सुट्या झालेल्या बटा तिथल्या मंद उजेडात पुन्हा चिकटतात. तसं झालं की मी सावल्या आणखी थोड्या उजळून दुसरी प्रिंट काढतो.