बायोप्रिंटिंगचा सांगाडा: उपकरण की औषध? मंजुरीचा अर्ज आणि कागदपत्रं

जिलेटिन, अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) किंवा कोलॅजेनच्या जेलमधून ऊतींचा सांगाडा, म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारी रचना, त्रिमितीय प्रिंटरने छापून झाला, त्यात औषधही भरलं. आता अर्ज कुठे करायचा? नुसता सांगाडा असेल तर तो सहसा वैद्यकीय उपकरणात मोडतो. औषध सोडत असेल तर संयुक्त उत्पादन, म्हणजे उपकरण आणि औषध एकत्र. जिवंत पेशी घातल्या की नियम पुन्हा बदलतात. त्यामुळे पहिली पायरी मंजुरीची नाही, वर्गवारीची आहे.

वर्गवारीबद्दल शंका असेल तर अमेरिकेत एफडीएच्या (अन्न आणि औषध नियामक संस्थेच्या) संयुक्त उत्पादन कार्यालयाकडे लेखी विनंती करता येते. जोडपत्रं धरून पानं १५च, त्यामुळे प्रयोगांची सगळी कहाणी त्यात कोंबू नका. रचना, घटक, वापर आणि मुख्य परिणाम कशामुळे होतो एवढं नेमकं लिहा. हाडातली पोकळी भरणं हे मुख्य काम आणि प्रतिजैविक फक्त जंतूंना दूर ठेवायला, तर पारडं उपकरणाकडे झुकतं. हाडातला संसर्ग बरा करायचाय आणि जेल फक्त औषध वाहून नेतंय, तर औषधाकडे. वर्गवारी तुम्हीच सुचवायची असते. विनंती दाखल झाल्यापासून ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमची सूचनाच लागू होते. म्हणून तो परिच्छेद घाईत लिहू नका. युरोपात पेशींचं उत्पादन प्रगत उपचारात (पेशी, जनुकं किंवा ऊती वापरणाऱ्या औषधांच्या वर्गात) येतं का, याचं मत युरोपीय औषध संस्थेची समिती ६० दिवसांत आणि विनाशुल्क देते.

पात्रतेचं थोडक्यात: पदवी कोणी विचारत नाही, उत्पादनाची जबाबदारी कोणती संस्था घेणार ते विचारतात. सांगाडा फक्त प्रयोगशाळेत औषधं तपासायला वापरणार असाल, तर या वाटेला जायची गरजच नाही.

खरी कसोटी कागदपत्रांची, आणि त्यातही कच्च्या मालाच्या उगमाची. अल्जिनेटच्या पिशवीसोबत येणारं साधं प्रमाणपत्र वाचून बघा: रंग पांढरट, ओलावा इतका, पीएच इतका, जड धातू मर्यादेत. खाद्यपदार्थ दाट करायला एवढं पुरेल. शरीरात ठेवायच्या सांगाड्याला रेणुभार हवा, अल्जिनेटच्या साखळीतल्या ग्युलुरॉनिक आम्लाचं प्रमाण हवं (कॅल्शियम टाकल्यावर जेल किती कडक होणार ते बरंचसं त्यावर ठरतं) आणि एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, किती आहे त्याचा आकडा हवा. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) वापरत असाल तर डीअॅसिटिलेशनचं (अॅसिटिल गट काढून टाकल्याचं) प्रमाण आणि कवचातली उरलेली प्रथिनं दाखवा. जिलेटिन-कोलॅजेन प्राण्यांपासून येत असेल तर आयएसओ २२४४२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्राणी कोणता, देश कोणता, ऊती कोणती आणि विषाणू कसे निष्क्रिय केले, हे सगळं लागतं. पुरवठादार प्रक्रिया उघड करायला तयार नसेल तर भांडू नका. तो एफडीएकडे स्वतःची मास्टर फाइल, म्हणजे प्रक्रियेची गोपनीय माहिती, ठेवू शकतो. तुम्हाला फक्त तिचा संदर्भ घ्यायचं अधिकारपत्र मागायचं.

जैविक सुरक्षेच्या चाचण्या आयएसओ १०९९३प्रमाणे. सांगाडा ३० दिवसांहून जास्त राहणार असेल तर तो दीर्घकालीन संपर्कात धरला जातो आणि चाचण्यांची यादी लांबते. पेशी-विषारीपणाच्या चाचणीत जिवंत पेशी ३० टक्क्यांहून जास्त घटल्या, तर नमुना विषारी धरतात. जेल प्रकाशाने घट्ट करत असाल तर उरलेल्या फोटोइनिशिएटरचा (प्रकाश पडल्यावर घट्ट होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या रसायनाचा) हिशेबही द्या.

एक चूक हमखास दिसते: चाचण्या पावडरवर केलेल्या, निर्जंतुक केलेल्या अंतिम सांगाड्यावर नाहीत. गॅमा किरणांनी अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, शाई (छपाईचं जेल) पातळ होते, आणि तुम्ही तपासलेला पदार्थ रुग्णाला मिळणारच नसतो. दाट द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाता जात नाही, म्हणून निर्जंतुकीकरणाची पद्धत आधी पक्की करा, मग नमुने पाठवा.

मध्येच पुरवठादार बदलला, तर नव्या लॉटचा रेणुभार, चिकटपणा आणि औषध सुटण्याचा वेग जुन्या लॉटशेजारी मांडलेला तक्ता फाइलला जोडा.