लेबल स्वतः का बनवावं लागतं?

पॉवर ॲप्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवण्याचं साधन) नवं ॲप उघडल्यावर पडद्यावर आणून टाकलेली पहिली वस्तू बहुधा टेक्स्ट लेबलच असते. तरीही याच लेबलाची स्वतःची आवृत्ती करण्यासाठी लोक टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला हात घालतात, मॅनिफेस्ट (गुणधर्मांची नोंद करणारी फाइल) लिहितात, ॲडमिनच्या मागे लागून परवानगी मिळवतात. चार शब्द दाखवायला एवढा खटाटोप कशाला? त्याचं मूळ लो-कोड (फारसा कोड न लिहिता ॲप बनवणं) हा शब्द रुळण्याच्या बरंच आधीचं आहे.

विंडोजमध्ये अशा मजकुराच्या चौकटीचं नावच मुळी 'स्टॅटिक'. एकदा लिहिलं की आपणहून जागचं हलायचं नाही. १९९१ साली विंडोजचे प्रोग्राम बनवण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन व्हिज्युअल बेसिक आलं, तेव्हा टूलबॉक्समधलं लेबल हाच स्वभाव घेऊन आलं. कॅप्शनमध्ये मजकूर भरायचा, फॉन्ट आणि रंग निवडायचा, संपलं. साऱ्या मजकुराला एकच फॉन्ट, एकच रंग. मधला एखादा शब्द ठळक करायची सोय नाही. लेबलाला फोकसही (टाइप करण्यासाठी निवडलं जाणं) मिळत नसे. कॅप्शनमधल्या अक्षराआधी अँपरसँड (&) टाकला, की ऑल्टसोबत ते अक्षर दाबल्यावर कर्सर पुढच्या टेक्स्टबॉक्समध्ये जाई. थोडक्यात, शेजाऱ्याकडे बोट दाखवणं एवढीच त्याची नोकरी.

सुरुवातीपासून व्हिज्युअल बेसिकला बाहेरून कंट्रोल (लेबल, बटण अशा पडद्यावरच्या वस्तू) जोडता येत, पण ते सी भाषेत लिहावे लागत. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीने ॲक्टिव्हएक्स (मायक्रोसॉफ्टच्या जोड-कंट्रोलचा प्रकार) कंट्रोल खुद्द व्हिज्युअल बेसिकमध्येच करायची मुभा दिली, आणि सामान्य प्रोग्रामरही लेबल, त्यापुढे लाल चांदणी, खाली चूक दाखवणारा संदेश असा संच एकत्र बांधू लागला. आजच्या पॉवर ॲप्स कंपोनंटचा आजोबा शोधायचा तर तो इथे सापडतो.

मराठीत काम करणाऱ्यांना स्वतःचं लेबल लागलं ते मात्र हौसेपोटी नव्हे. व्हिज्युअल बेसिक ६ मजकूर पोटात युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरसंकेत पद्धत) ठेवत असे, पण पडद्यावरचे त्याचे मूळ कंट्रोल तो एएनएसआय कोडपेजमधून (त्या त्या भाषेपुरता जुना अक्षरसंच) दाखवत. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेजच नव्हतं. परिणामी युनिकोड मराठी लेबलात टाकली की प्रश्नचिन्हांची माळ दिसे. मग शिवाजी किंवा श्रीलिपीचे फॉन्ट वापरले जात. कॅप्शनमध्ये अगम्य रोमन अक्षरं भरायची आणि वर मराठी फॉन्टचं पांघरूण घालायचं. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तिथे पांघरूण ओढल्यासारखं सगळं उघडं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी नीट दिसू लागली, तरी व्हिज्युअल बेसिकच्या लेबलाला त्याचा उपयोग नव्हता. ऑफिससोबत येणारं फॉर्म्स २.० या कंट्रोल-संचाचं लेबल उसनं घ्या, नाहीतर विंडोजच्या युनिकोड फंक्शनला हाक मारून मजकूर स्वतः रंगवणारा कंट्रोल लिहा, असे मार्ग उरत.

वेबवर एचटीएमएल ४.० ने १९९७ मध्ये लेबल या टॅगला इनपुटशी (माहिती भरायच्या चौकटीशी) बांधून दिलं. कल्पना चांगली होती. साधनं बनवणाऱ्यांनी ती नेहमी पाळली असं नाही. वेबपानं बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचं लेबल कुठल्या इनपुटशी जोडलेलं नसेल तर पानावर नुसता स्पॅन (कशाशी न जोडलेला मजकूर) म्हणून उतरतं.

'लो-कोड' हा शब्द फॉरेस्टर या संशोधन कंपनीने २०१४ मध्ये रूढ केला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पॉवर ॲप्स जाहीर केलं. त्याचा पूर्वावतार 'प्रोजेक्ट सिएना' २०१३ चा. इथे खरी उलथापालथ झाली. लेबलाच्या टेक्स्ट गुणधर्मात आता मजकुराऐवजी एक्सेलसारखं सूत्र बसलं (त्या सूत्रभाषेला पॉवर एफएक्स हे नाव २०२१ मध्ये मिळालं). जे जागचं हलत नव्हतं, तेच आता डेटा बदलला की सर्वांत आधी हलू लागलं. वागणं बदललं, पण रूप जुनंच राहिलं: पूर्ण मजकुराला एक रंग, एक वजन. एखादा शब्द ठळक हवा तर एचटीएमएल टेक्स्ट कंट्रोल घ्या आणि सूत्रात अवतरणचिन्हांच्या जंजाळात टॅग कोंबा. असं सूत्र सहा महिन्यांनी वाचायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

म्हणून स्वतःचं लेबल. एक वाट कॅनव्हास कंपोनंटची (पॉवर ॲप्समध्येच कंट्रोल जुळवून केलेला संच). तो सूत्रांनीच बांधता येतो, त्याला इनपुट-आउटपुट गुणधर्म देता येतात, आणि माझ्या मते दहातल्या आठ गरजा तो भागवतो. दुसरी वाट २०१९ मध्ये पब्लिक प्रिव्ह्यू म्हणून आलेल्या कंपोनंट फ्रेमवर्कची (कोड लिहून कंट्रोल बनवण्याची सोय). तिथे पॉवर ॲप्स तुमच्या हाती एक रिकामा डिव्ह (पानावरची चौकट) देतं आणि चार फंक्शन मागतं: सुरुवातीला इनिट, बदल झाला की अपडेटव्ह्यू, बाहेर काही सांगायचं असेल तर गेटआउटपुट्स, निघताना डिस्ट्रॉय. मजकूर, रंग, फॉन्टचा आकार हे सगळं मॅनिफेस्टमध्ये गुणधर्म म्हणून आधी नोंदवावं लागतं.

मूळ लेबलात ऑटोहाइट (मजकुरानुसार उंची आपोआप वाढणं) नावाची फुकट मिळणारी सोय आहे. तिची किंमत इथे कळते. तुमच्या डिव्हची उंची पॉवर ॲप्स ठरवतं. आतला मजकूर किती वाढला हे तुम्हीच मोजून आउटपुट गुणधर्मातून कळवायचं, आणि ॲप बनवणाऱ्याने तो आकडा हाइटच्या सूत्रात वापरायचा. देवनागरीत वर रफार-वेलांटी, खाली उकार. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर 'र्की'चा रफार कापला जातो.

लांब मजकूर तोडणं हे त्याहून अवघड. सातबाऱ्यावरचा 'क्षेत्र' हा शब्द घ्या. आपण अक्षरं मोजतो दोन. पॉवर एफएक्सचं लेन फंक्शन मात्रा आणि हलन्त वेगळे धरून मोजतं सात. लेफ्ट वापरून पहिली दोन 'अक्षरं' मागितली तर हाती येतो पाय मोडका 'क्'. स्वतःच्या कंपोनंटमध्ये जावास्क्रिप्टचं इंटल सेगमेंटर (मजकुराचे अक्षरांमध्ये तुकडे करणारी सोय) वापरता येतं, पण ते युनिकोडच्या नियमांवर चालतं, आणि त्या नियमांत 'क्षे' आणि 'त्र' ही जोडाक्षरं प्रत्येकी एक धरली जाऊ लागली ती थेट आवृत्ती १५.१ पासून, म्हणजे २०२३ मध्ये. त्याआधीचा ब्राउझर याच शब्दाचे चार तुकडे करतो.