उंदराचं मूत्रपिंड बिघडलं, असं कधी म्हणायचं?

मधुमेही उंदीर प्रयोगशाळांना नवा नाही. ॲलॉक्झॅन या रसायनाने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात हे १९४३ मध्ये कळलं, स्ट्रेप्टोझोटोसिन या दुसऱ्या रसायनाचा तोच गुण १९६३ मध्ये, आणि तीन वर्षांनी जन्मतःच मधुमेहाकडे झुकणारा डीबी/डीबी उंदीर हाती आला. साखर वाढवायची सोय झाली होती. पण माणूस मधुमेहात खचतो तो डोळे, मूत्रपिंड आणि नसांच्या दुखण्याने, आणि उंदरात नेमकं तेच नीट उतरत नव्हतं. त्यासाठी वेगळा पैसा द्यावा असं बरीच वर्षं कुणाला वाटलंही नाही.

१९९३ मध्ये १,४४१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवली तर गुंतागुंत बरीच कमी होते, पण पूर्ण टळत नाही. उरलेली गुंतागुंत समजून घ्यायला प्राणी हवा होता. औषध कंपन्या औषधाला पैसे घालतात, प्राणी घडवायला नाही. अखेर २००१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन यंत्रणेने अनेक प्रयोगशाळांचा एक गट बांधून फक्त याच कामासाठी निधी दिला.

या गटाने घातलेल्या कसोटीवरून पुढे बराच वाद झाला. उंदराला मधुमेही मूत्रपिंडविकार झाला असं म्हणायला तीन गोष्टी लागतील, असं ठरलं. त्याच जातीच्या, वयाच्या आणि लिंगाच्या निरोगी उंदरापेक्षा लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन दहापटीहून जास्त हवं. मूत्रपिंडाची गाळणक्षमता त्याच्या हयातीत निम्म्याहून खाली यायला हवी. आणि सूक्ष्मदर्शकाखाली माणसात दिसतात तसे बदल दिसायला हवेत, म्हणजे गाळणीचा पडदा जाड झालेला, मेसँजियम (गाळणीतल्या केशवाहिन्यांना धरून ठेवणारा भाग) पसरलेलं, धमनिका काचेसारख्या झालेल्या. २००९ च्या आढाव्यात या सगळ्या अटी पुऱ्या करणारा एकही उंदीर निघाला नाही. सगळ्यात जास्त वापरली जाणारी सी५७ ब्लॅक ६ जात तर या विकाराला चांगलीच दाद देत नाही.

कसोटी फारच कडक आहे, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. माणसाला हा विकार जडायला पंधरा-वीस वर्षं लागतात, उंदीर जगतो जेमतेम दोन. काही रुग्णांत तर अल्ब्युमिन न वाढताच गाळणक्षमता घसरते. तरीही मला कसोटी योग्यच वाटते. ती नसती तर स्ट्रेप्टोझोटोसिनच्या एकाच मोठ्या डोसाने थेट भाजलेलं मूत्रपिंडही 'मधुमेही' म्हणून खपलं असतं. म्हणूनच पाच दिवस रोज थोडा थोडा डोस देण्याची पद्धत गटाने लावून दिली. २०१० मध्ये बीटीबीआर जातीच्या लठ्ठ उंदरात विसेक आठवड्यांत माणसाच्या पुष्कळ जवळ जाणारे बदल दिसले, ते याच शोधातून. पुढच्या दशकात मात्र निधीचा भर लहान, वर्षभराच्या अनुदानांवर गेला.

इथे नागपुरात आधी शब्दाचाच घोटाळा. मराठीत माउसही उंदीर (वर सांगितलेला तोच) आणि त्याहून मोठा रॅटही उंदीर, आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत बहुतेक वेळा रॅटच असतो. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेला प्राणी इतकं पाणी पितो की पिंजऱ्यातलं भाताचं तूस एका रात्रीत भिजून जड होतं. निरोगी प्राण्याचं तूस आठवड्यातून दोनदा बदललं तरी चालतं, याचं रोज बदलावं लागतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोली २२-२३ वर ठेवायची, तर एसी रात्रीही बंद करता येत नाही. प्रस्तावात रसायनांचा हिशेब ग्रॅमवारी असतो. तूस, वीज आणि रविवारी येणारा माणूस 'इतर खर्चा'त.

देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. त्याच वर्षीच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आकडा सांगितला गेला, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून येणार या हिशेबाने. प्रकल्पाची मुदत मात्र साधारण तीनच वर्षं. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्राणी-नीती समितीची मान्यता, मग खरेदी, मग प्राणी येऊन रुळणं, यात त्यातले कितीतरी महिने जातात. आमच्या एका तुकडीला चोवीस आठवडे ठेवायचं ठरलं होतं. अनुदानाचा हप्ता वेळेत आला नाही आणि प्रयोग बाराव्या आठवड्यात थांबवावा लागला. काचपट्ट्यांवर मेसँजियम नुकतंच पसरायला लागलं होतं.