सोव्हिएत फुटबॉलचा १९७३ चा हंगाम

सोव्हिएत संघातील १९७३ चा फुटबॉल हंगाम येरेवानच्या ‘अरारात’ संघाचा ठरला. आर्मेनियाच्या या संघाने त्या वर्षी लीग आणि चषक दोन्ही जिंकले. मॉस्कोबाहेरच्या संघांपैकी असा दुहेरी मुकुट त्याआधी एकट्या दिनामो कीएव्हने, १९६६ साली, मिळवला होता.

कडाक्याच्या हिवाळ्यामुळे सोव्हिएत हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपत असे. सर्वोच्च श्रेणीत १६ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ३० सामने येत. विजयाला २ गुण होते. बरोबरीला एरवी दोन्ही संघांना प्रत्येकी १ गुण मिळे. पण आपसांत ठरवून साधलेल्या बरोबऱ्यांची तक्रार वाढल्याने या हंगामात वेगळा नियम आला. सामना बरोबरीत सुटला की पेनल्टी घ्यायच्या, त्यात जिंकणाऱ्यास १ गुण आणि हरणाऱ्यास काहीच नाही. दीड तास तुल्यबळ खेळूनही रिकाम्या हाती परतण्याची वेळ संघांवर येई. हा नियम एका हंगामापुरताच टिकला आणि ते योग्यच झाले.

अराराताचे प्रशिक्षक निकिता सिमोन्यान हे एकेकाळी स्पार्ताक मॉस्कोचे नामवंत आघाडीपटू होते. त्यांच्या हाती कर्णधार ओगानेस झानाझान्यान, अर्काडी आंद्रेआस्यान, एदुआर्द मार्कारोव्ह, लेव्हॉन इश्तोयान आणि गोलरक्षक अल्योशा अब्रामियान असा बहुतांशी आर्मेनियन संघ होता. त्या काळी आर्मेनियाचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ नव्हता, त्यामुळे अराराताच्या सामन्याला येरेवानच्या ह्राझदान स्टेडियमवर लोटणारी गर्दी केवळ एका क्लबची नसे. १९७० मध्ये खुले झालेल्या या स्टेडियमची क्षमता सुमारे ७० हजार होती.

चषकाचा अंतिम सामना १० ऑक्टोबर रोजी मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर दिनामो कीएव्हशी झाला. उत्तरार्धात व्हिक्टर कोलोतोव्हने पेनल्टीवर गोल करून कीएव्हला पुढे नेले. सामना हातात आला असे मानून प्रशिक्षक अलेक्सांद्र सेविदोव्ह यांनी शेवटच्या टप्प्यात ओलेग ब्लोखिन आणि लिओनिद बुर्याक या दोन्ही तरुण खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावले. पण सामना संपायला एक-दोन मिनिटे उरली असताना इश्तोयानने बरोबरी साधली आणि जादा वेळेतही त्यानेच गोल करून चषक येरेवानला नेला. निकाल २–१. या पराभवानंतर सेविदोव्ह यांना जावे लागले आणि संघाची सूत्रे व्हालेरी लोबानोव्स्की यांच्याकडे आली. कीएव्हच्या पुढच्या सुवर्णकाळाची वाट या पराभवातून निघाली, हे विसरता येत नाही.

लीगमध्येही चुरस याच दोन संघांत होती. अरारात ३९ गुणांसह पहिला, दिनामो कीएव्ह ३६ गुणांसह दुसरा आणि दिनामो मॉस्को तिसरा आला. हंगामात सर्वाधिक १८ गोल ब्लोखिनचे होते. राष्ट्रीय संघाला मात्र हे वर्ष वाईट गेले. विश्वचषक पात्रतेत चिलीशी मॉस्कोत ०–० बरोबरी झाली. लष्करी उठावानंतर सान्तियागोच्या ज्या स्टेडियमचा तुरुंग केला गेला होता, तिथे परतीचा सामना खेळण्यास सोव्हिएत संघाने नकार दिला आणि तो स्पर्धेबाहेर पडला.

विजेतेपदामुळे अरारात १९७४–७५ च्या युरोपियन चषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. तिथे बायर्न म्युनिककडून म्युनिकमध्ये ०–२ असा हरला, पण येरेवानला त्याने विद्यमान विजेत्यांना १–० ने हरवले. तो गोल आंद्रेआस्यानचा. १९७५ मध्ये सोव्हिएत चषक पुन्हा अराराताकडे आला. लीगचे विजेतेपद मात्र त्याला पुन्हा मिळाले नाही.